अर्धवट राहिलेली गाडी: शेवटचं काम कोणतं होतं?

सदाशिवपेठी स्पॅनर (धागाकर्ता)

मंडळी, पूर्ण झालेल्या गाड्यांचे फोटो सगळेच टाकतात. हा धागा न झालेल्या गाड्यांसाठी. स्पोर्ट्स कार बांधायला घेतली किंवा जुनी उघडली, आणि मग बदली, लग्न, आजारपण, कर्ज असं काहीतरी निघालं नि गाडी तशीच राहिली, त्यांनी लिहा. फक्त ‘परिस्थिती बदलली’ एवढ्यावर सुटू नका. शेवटच्या दिवशी हातात कोणता पाना होता, तेही सांगा.

माझ्यापासून सुरू करतो.

आमची 1966 ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. मूळची ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्ड, इथे मद्रासला बनायची. इंजिन 948 सीसी, त्यामुळे वेगाविषयी न बोललेलं बरं. पण ज्यांनी ती उघडलीय त्यांना ठाऊक असेल, हिला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) आहे आणि बॉडी तुकड्यातुकड्यांनी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली. मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढे कलंडतं. छतसुद्धा बोल्टांवर. हीच चासी आखूड करून ट्रायम्फने 1962 मध्ये स्पिटफायर ही दोन सीटांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. हे मला 1995 मध्ये कळलं. मी सत्तावीस वर्षांचा, बँकेत नुकताच कायम झालेला. तिथून डोकं फिरलं. छत उतरवायचं, पुढची काच आखूड करायची, मागची सीट काढायची आणि जमलंच तर स्पिटफायरसारखे दोन एसयू कार्ब्युरेटर लावायचे. चासी कापायच्या फंदात पडायचं नाही, एवढं शहाणपण होतं.

गाडी वाड्याच्या चौकात. बोळातून आत आणणं हा एक सोहळा असायचा. हेराल्ड 25 फुटांच्या वर्तुळात वळते म्हणून ती शिरायची तरी. दीड वर्ष रविवार सकाळ म्हणजे गाडी. इंजिन बोअर करून आणलं, नवे पिस्टन घातले. मुंबईला ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांत इतक्या खेपा घातल्या की एक दुकानदार मला बघितला की आधी चहाच सांगायचा.

फेब्रुवारी 1997. छताचे बोल्ट सोडवले. दोन मित्र, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू काका आणि मी, चौघांनी छत उचलून हौदाला टेकवून ठेवलं. वडील खुर्ची टाकून बसले होते. ‘आता पाऊस आला तर?’ एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी काचेची चौकट सोडवायची होती. मंगळवारी वडिलांना अर्धांगाचा झटका आला.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे तसंच. दवाखाना, फिजिओथेरपी, नागपूरला बदली, मुलगी झाली. गाडीवर ताडपत्री घातली ती ‘या महिन्यापुरती’. आईने मात्र त्या छताचा उपयोग शोधला. दोन उन्हाळे तिने त्यावर प्लास्टिक अंथरून कुरडया घातल्या. पत्रा असा तापायचा की दुपारपर्यंत खडखडीत वाळायच्या. 2004 मध्ये वाडा बिल्डरला गेला. एका फ्लॅटला एक पार्किंग, तिथे रोजची गाडी. हेराल्ड भंगारवाल्याने वजनावर नेली. बोअर केलेलं इंजिन एकदाही सुरू झालं नाही.

हातात 1/2 इंची रिंग पाना होता. तो आहे अजून.


संसार म्हणजे मीच

अशा गप्पांत ‘संसार आडवा आला’ हे वाक्य हमखास येतं. तो आडवा आलेला संसार म्हणजे मी. माझी बाजू लिहिते.

आमच्याकडे फियाट होती, प्रीमियर पद्मिनी. 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगला. आमचे हे ऐंशीच्या दशकात मद्रासला नोकरीला होते, तिथे शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट आणि हेराल्डच्या शर्यती बघून आलेले. मग ठाण्यात सोसायटीच्या आवारात आमची फियाट शर्यतीची व्हायला लागली. हेड घासून घेतलं कम्प्रेशन वाढवायला. पोर्ट, म्हणजे इंजिनातल्या हवा-धुराच्या वाटा, पॉलिश करत रात्री अकरापर्यंत बाल्कनीत किरकिर. सीट काढल्या, पुढे एक बसवली. एक! म्हणजे मी कुठे बसायचं याचा विचार आराखड्यातच नव्हता.

खर्चाची वही माझ्याकडे होती. 1996 साली गृहकर्जाचा व्याजदर 16 टक्के होता, हे तरुण मंडळींना खरं वाटणार नाही. फ्लॅटचे पैसे भरायला तीस हजार कमी पडत होते. मी वही समोर ठेवली आणि म्हटलं, आकडे तुम्हीच बघा. भांडण झालं नाही. तीन दिवसांनी गाडी विकून आले, मला विचारलंही नाही. मी ‘कितीला?’ म्हटलं, तर म्हणाले, ‘तीसला.’ त्यांनी तेवढेच मागितले होते. जास्त आले असते, हे मला दुसऱ्याकडून पुढे कळलं.

शेवटचं काम तुम्ही विचारलंय. सायलेन्सरची पाइप वाकवून आणायला टाकली होती. ती आणायला मी गेले. गाडी गेल्यानंतर. पैसे आधीच दिले होते ना.


उद्यमनगरी

कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात माझं गॅरेज, वडलांपासूनचं. तुम्ही सगळे म्हणताय गाडी राहिली, गाडी राहिली. राहते कुठं ती? आमच्या दारात राहते की!

गिऱ्हाईक एका दिवसात कधी थांबत नाही. आधी रोज येतो, हात काळे करतो, पोरांना वडापाव चारतो. मग आठवड्याला येतो. मग फोन. मग फोन उचलायचा बंद, आणि मला कळतं, घरी काहीतरी झालंय. मी पैसे मागत नाही त्या वेळेला. पण गाडी चार ठोकळ्यांवर उभी असते, जागेचं भाडं माझं चालू. आत्ता माझ्याकडं अशा तीन आहेत. एकाची सनरूफ कापून ठेवलेली, त्यात मांजरीनं पिल्लं घातली दोनदा.

एक विनंती: गाडी सोडा, पण सांगून सोडा. आणि उघडलेला माल पिशव्यांत घालून, चिठ्ठी लावून द्या. दहा वर्षांनी पोरगा येतो वडलांची गाडी न्यायला, आणि नटबोल्ट सगळे एका डालड्याच्या डब्यात. कुठला कुठं बसतो, ते मी कसं सांगू?


डर्बीचा देशपांड्या

इंग्लंडमध्ये असताना किट कार घेतली होती. लोटस सेव्हनच्या धाटणीची, म्हणजे पुढची चाकं उघडी, दारं नाहीत. सांगाडा कंपनीकडून येतो. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आपण जुन्या माझदा एमएक्स-5 मधून काढायचं. भाड्याच्या घराच्या एका गाडीच्या गॅरेजमध्ये दोन वर्षं घालवली. तिथे ही गाडी रस्त्यावर आणायला आयव्हीए नावाची तपासणी द्यावी लागते. ब्रेक, दिवे ठीकच, पण कडा! शंभर मिलिमीटरचा गोळा जिथे जिथे बाहेरून टेकेल तिथल्या प्रत्येक कडेला किमान अडीच मिलिमीटरची गोलाई हवी. लोक बोल्टांच्या डोक्यांना रबरी टोप्या घालतात. मी रोज संध्याकाळी टोप्या घालत बसायचो.

2009 मध्ये नोकरी गेली. व्हिसा नोकरीला बांधलेला. नवी नोकरी मिळेना. परतीचं तिकीट काढलं आणि गाडी ‘अपूर्ण प्रकल्प’ म्हणून विकायला काढली. अशा जाहिराती तिथे ढिगाने असतात आणि कारणही लिहितात: बाळ येतंय, घर बदलतोय, पाठ धरली. मी कारण लिहिलं नाही. घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यानेही विचारलं नाही, ट्रेलरला दोर बांधताना फक्त म्हणाला, टोप्या छान बसवल्यात.


वायरिंगचा शत्रू

परिस्थिती वगैरे काही नाही. आईवडील ठणठणीत, पगार वेळेवर, बायको उलट म्हणायची पूर्ण कर. मारुती 800 ची दोन सीटर करत होतो, पत्र्याचं काम झालं, रंग झाला, मग वायरिंग आलं आणि मी पळालो. सगळ्यांना ‘ऑफिसात फार काम आहे’ सांगितलं. इथे नाव माहीत नाही म्हणून लिहितोय.


बारा नंबरी

आमची गाडी कॉलेजची. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारातली, एक सीटर, पाइपांची चासी, केटीएम 390 चं 373 सीसी इंजिन. नियमानुसार इंजिनाच्या हवेच्या वाटेत 20 मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर बसवावा लागतो, म्हणजे इंजिनाने नाक दाबून पळायचं. पंचवीस पोरं, पैकी खरं काम करणारी सात. रात्री वर्कशॉपमध्ये झोपायचो, मॅगीवर जगायचो.

मार्च 2020 मध्ये आमचं शेवटचं वर्ष. सस्पेन्शनचे पुढचे आर्म वेल्ड करून जिगमध्येच (वेल्डिंगला पाइप धरून ठेवणाऱ्या साच्यात) ठेवले होते, थंड होऊ दे, उद्या काढू म्हणून. दुसऱ्या दिवशी ‘हॉस्टेल रिकामं करा’ची नोटीस. वाटलं पंधरा दिवस. 25 मार्चपासून देश बंद. डिग्री ऑनलाइन मिळाली, नोकरीला घरूनच लागलो.

दीड वर्षाने ज्युनिअर आत गेले. आर्म जिगमध्येच होते, गंजून. त्यांनी इंजिन आणि स्टिअरिंग काढून पुढच्या गाडीत घातलं, जे बरोबरच आहे, आम्हीही मागच्यांचं तेच केलं होतं. पण मागच्यांची गाडी निदान एकदा पळून मग सुटी झाली होती. आमच्या चासीवर आता वर्कशॉपवाले मामा फडकी वाळत घालतात.

(कुरडया वाचून बरं वाटलं.)


फोंड्याचो पात्रांव

गोव्यात बनायची ती सॅन स्टॉर्म कुणाला आठवते का? 1998 च्या सुमारास आली. दोन सीट, उघडं छत, फायबरची बॉडी, रेनोचं 1149 सीसी इंजिन. मी एक अपघात झालेली घेतली, पुढचं तोंड पार गेलेलं. माझा हिशोब सरळ होता: आमच्याकडे फायबरच्या बोटी बनतात, त्यांना नाक बनवायला सांगायचं. यार्डातल्या मेस्त्याने नाही म्हटलं, पण मला शिकवलं. काचतंतूंची मॅट कशी फाडायची (कापायची नाही, फाडायची, म्हणजे कडा एकमेकांत मुरतात), रेझिनमध्ये हार्डनर किती, जेलकोट (बाहेरचा चकचकीत थर) आधी. आणि पावसाळ्यात हात लावायचा नाही. दमट हवेत रेझिन नीट सुकत नाही, चिकट राहतं.

नाक झालं. चांगलं झालं! इंजिनाच्या वस्तू मिळणं कठीण, तेव्हा रेनोची गाडी देशात दुसरी नव्हतीच, त्यांची लोगन आली ती 2007 मध्ये. पोर्तुगालला असलेल्या चुलतभावाने एका बॅगेत वॉटर पंप आणि बेल्ट आणला.

मग बाबा गेले, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. मी बोटीवर नोकरी धरली. नऊ महिने बाहेर, तीन महिने घरी, आणि ते तीन महिने नेमके जून ते ऑगस्ट. अकरा वर्षं असं. दर वेळी यायचो, पाऊस, रेझिन नाही. गाडी आंब्याखाली. मी जहाजावरून सगळ्यांना सांगायचो, फायबर आहे, गंजत नाही. बरोबर, फायबर गंजत नाही. खालची चासी गंजली. परवा नाक धरून ओढलं तर नाक तेवढं हातात आलं, अगदी तसंच, चकचकीत. दिवाणखान्यात भिंतीला लावलंय. बायको म्हणते देवघरासमोर नको, म्हणून उलट्या भिंतीला.

शेवटचं काम: डाव्या हेडलाइटच्या खोबणीला पॉलिश पेपर मारत होतो. भोवती अजून खरखर लागते बोटाला.


कलम बावन्न

@सदाशिवपेठी, तुमची हेराल्ड पूर्ण झाली असती तरी आजच्या घडीला कागदांचा घोळ झाला असता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत असा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच म्हटलं. 2021 च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना नंबरात ‘व्हीए’ अक्षरं असलेली वेगळी नोंदणी आहे, पहिल्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, पण चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे छत असेल तरच.


सांगलीची हेराल्ड

@सदाशिवपेठी स्पॅनर, धागा सकाळपासून तीनदा वाचला. माझ्याकडे मामांची 1967 ची हेराल्ड आहे. चालू आहे. पण 2019 च्या पावसात कडुनिंबाची फांदी पडून छत मधोमध चेपलं, पिलर वाकला. नोंदणीसाठी मूळ छत हवं, पत्रेवाल्याने हात टेकले. तुम्ही लिहिलंय की बॉडी भंगारात गेली. छतही गेलं का?


सदाशिवपेठी स्पॅनर

नाही गेलं. आईने देऊ दिलं नव्हतं. भंगारवाल्याशी वाद घातला तिने त्यासाठी. भोरजवळ गावच्या घरी मागच्या पडवीत आहे, खाली सरपण रचलंय. मागच्या काचेचं रबरही असेल, खात्री नाही.

तुमची दोन दारांची की चार दारांची? चार दारांची असेल तर बसणार नाही.


सांगलीची हेराल्ड

दोन दारांची!!


सदाशिवपेठी स्पॅनर

मग या. रविवारी सकाळी मी गावी आहे. टेम्पो आणा, आणि तीन माणसं, चौथा मी. वरच्या बाजूला प्लास्टिक चिकटल्याचे गोल गोल डाग आहेत, घासून जातील. बोल्ट मी पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेवलेत, तेव्हाच. उद्यमनगरींना सांगा.