रातंजनकर: शिकवण्यात गवई हरवला का?

मंद्रसाधक: गायक-बंदिशकार अण्णासाहेब रातंजनकरांचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, 'विद्वान खरे, पण मैफलीचे नव्हेत.' संगीतशास्त्रकार भातखंड्यांचे शिष्य, बडोद्यात फैयाझ खाँसाहेबांची तालीम, आणि १९२८ पासून लखनौच्या मॅरिस या संगीत कॉलेजचे प्राचार्य. उमेदीची वर्षं वर्गात गेली, हे मान्य. पण त्यांच्या बंदिशी त्या शिकवण्यातूनच आल्या. त्यांचा सालगवराली राग घ्या. खाली तोडीचे कोमल रिषभ-गंधार, वर शुद्ध धैवत, कोमल निषाद, मध्यम गायब. अशा रागाचं चलन, म्हणजे स्वरांची चाल, शिष्याच्या गळ्यात बसवायचं तर बंदिशच हवी. नुसत्या आरोह-अवरोहावर कुणी राग गात नाही.

खर्ज: साफ असहमत. तास संपला की गाणं थांबवायचं, ही काय तालीम? स्वरलिपीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, खुणेपुरती उरते, तिचा वेग आणि वजन कोण लिहिणार? तीच परीक्षकाची वृत्ती पुढे आकाशवाणीच्या ऑडिशनमध्ये दिसली. १९५०च्या दशकात कलावंतांनी विरोध केला तो उगाच नव्हे. ज्यांनी आयुष्यभर मैफली गाजवल्या त्यांनी अण्णासाहेबांच्या समितीपुढे बसून पात्रता सिद्ध करायची?

मंद्रसाधक: ऑडिशनबद्दलचा राग मला समजतो. नामवंतांना तरी त्यातून वगळायला हवं होतं. पण तालमीचं म्हणाल तर त्यांचे शिष्य के. जी. गिंड्यांकडे बघा. १९३६ साली, अकराव्या वर्षी ते लखनौला गेले आणि अण्णासाहेबांच्या घरीच राहून शिकले. तिथे कसली घंटा? एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, सगळे तिथलेच.

खर्ज: म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं. गिंडे घडले ते घरात, वर्गात नाही.

श्रुती: मध्ये बोलते. अण्णासाहेबांचं लखनौतलं घर चाललं होतं ते कॉलेजमुळेच ना? दोन्ही वेगळं कसं काढणार? आणि त्यांचा केदार बहार हा राग ऐकलाय का? केदाराचा मध्यम आणि बहारचा मध्यम एकाच रागात सांभाळायचे, जोड न दिसता. परीक्षकाच्या डोक्यातून असं काही निघत नाही, त्याला गवयाचाच गळा लागतो.

खर्ज: केदार बहारबद्दल वाद नाही. बंदिशकार म्हणून ते मोठेच. पण तो गळा भर मैफलीत आणखी वीस वर्षं ऐकायला मिळाला असता, ही माझी तक्रार कायम आहे.