रक्तातली साखर ११८, मग लघवीत चार प्लस कशी?

प्रश्न: बाबांना डॅपाग्लिफ्लोझिन ही डायबेटिसची गोळी सुरू झालीय. उपाशीपोटी साखर ११८, पण लघवीत ग्लुकोज ++++. ते घाबरलेत, गोळी बंद करू म्हणतात. किडनी बिघडली का?

उत्तर १: नाही हो, गोळीचं कामच ते! किडनी दिवसाला साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळते आणि जवळपास सगळं परत रक्तात घेते, बहुतांश एसजीएलटी-२ या प्रथिनामार्फत. गोळी नेमकं तेच अडवते. एरवी रक्तातली साखर १८०च्या आसपास गेल्यावरच लघवीत उतरते. त्यामुळे आता लघवीवरून काही ठरवू नका, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) बघा. गोळी मनाने बंद तर नकोच.

उत्तर २: माझी आईही हीच घेते. लघवीच्या जागी खाज सुटली तर बाबांनी लाजून लपवू नये, बुरशी होते. उलट्या, कडक उपास किंवा ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. अशा वेळी साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचण्याचा धोकादायक प्रकार) होऊ शकतो.

प्रश्नकर्ता: आभार. आजोबांची किडनी खरंच खराब होती, तेव्हा इन्सुलिन उलट कमी केलं होतं. ते का?

उत्तर १: इन्सुलिनचा निचराही किडनी करते. ती मंदावली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं, साखर अचानक उतरते. लोकांना वाटतं डायबेटिस बरा झाला!