फुलपाखरांसाठी झुडूप लावलंय? नागपूरकरांनो, अनुभव सांगा

मीच सुरुवात करते. माझी गच्ची पश्चिमेची, मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कठड्याला हात लावता येत नाही. तिथे मागच्या पावसाळ्यात पेंटास आणि जमैकन स्पाइकच्या फांद्या खोचल्या. स्पाइकच्या दांडीवर एका वेळी चार-सहाच निळी फुलं उमलतात, लांबून झाड अगदी साधं दिसतं, पण सकाळी नऊनंतर त्यावर जी गर्दी होते ती बघत मी डबा भरायचं विसरते. पेंटास नौतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात, गेला, स्पाइक हिरव्या नेटखाली तगला. तुमच्याकडे काय टिकलं?

मानेवाड्याहून:
ताई, नुसत्या फुलांवर ती येतात आणि जातात. राहायला हवी असतील तर अळीला पाला पाहिजे. आमच्या कंपाउंडला रुई आहे, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या झाल्या, त्याच पुढे प्लेन टायगर फुलपाखरं होतात. मी घाबरले, सासूबाई शनिवारी मारुतीला याच पानांची माळ घालतात ना. त्या म्हणाल्या, खाऊन राहिल्या तर खाऊ दे, माळेपुरती उरतात.

काटोलहून:
आमची संत्र्याची बाग आहे, लिंबू फुलपाखराची अळी कोवळ्या कलमांचा पाला साफ करते. लहानपणी ती आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवी होते, डिवचली की डोक्यामागून केशरी शिंग काढते आणि उग्र वास सोडते. बाबा फवारणी करायचे. आता मी त्या वेचून घरामागच्या कढीपत्त्यावर सोडतो, तो पाला पण त्यांना चालतो. पोरगी रोज मोजते.

मनीषनगरहून:
माझी चूक सांगतो म्हणजे कोणी करणार नाही. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण झाला म्हणून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारलं, भर फुलोऱ्यात. ते झाडात भिनतं, मकरंदातही उतरतं हे नंतर वाचलं. शेजारच्या लिंबावर फुलोरी माशांचं छोटं पोळं होतं, आठवड्यात रिकामं झालं. औषधानेच झालं असेल का ते ठामपणे सांगता येणार नाही, पण मला अजून वाईट वाटतं. आता फक्त साबणाचं पाणी, तेही संध्याकाळी.

पुन्हा मीच, गच्चीवाली: मानेवाडावाल्या ताई, रुईचं रोप मिळेल का? चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून हातमोजे घालूनच काढा.