लोकसंगीत मंडळात पाहुणे कलाकार बोलवायचे आहेत : कोणत्या महिन्यात कोण, आणि आधी काय ठरवावं?

पेठेतला_टाळकरी
सदाशिव पेठेतल्या ८०-९० खुर्च्यांच्या सभागृहात महिन्यातून एकदा लोकगीतांची बैठक भरते. आतापर्यंत सगळे सभासदच गायचे. या जुलैपासून डिसेंबरपर्यंत दर महिन्याला एक पाहुणा संच आणायचा आहे : भारूड, गोंधळ, वाघ्या-मुरळी, पोवाडा, बैठकीची लावणी. सभागृह ६ ते १० मिळतं, वातानुकूलित आहे. कोणाला कधी विचारावं, ध्वनियंत्रणा किती लावावी, इसार देताना काय ठरवून घ्यावं? बाहेर पावसाची ओल आणि आत एसी, यात चामड्याच्या वाद्यांचं काय होतं, हेही सांगा.

दिवटी_बुधली
आधी पंचांग उघडा, मग फोन करा. जागरण-गोंधळ लग्नांच्या मागे येतो. म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर गोंधळ्यांना सवड नाही, आणि नवरात्रात तर विचारूच नका. चातुर्मासात, नवरात्र सोडून, ते मोकळे असतात. वाघ्या-मुरळीला सोमवती अमावस्या आणि चंपाषष्ठीचे सहा दिवस टाळा, मंडळी जेजुरीत असतात. भारूडवाले आषाढी होईपर्यंत वारीत, म्हणून त्यांना एकादशी उलटल्यावर आठ-दहा दिवसांनी. शाहिरांची गर्दी फेब्रुवारीत, शिवजयंतीला. दिवाळीनंतरचा महिना त्यांना बरा पडतो. गणेशोत्सवात ढोलकीवाला मिळणं हा योगायोगच समजा.

थोडक्यात तुमचा क्रम असा लागतो : आषाढीनंतर भारूड, श्रावणात गोंधळ, भाद्रपदात विसर्जनानंतर वाघ्या-मुरळी, ऑक्टोबरात नवरात्र संपल्यावर सभासदांचीच बैठक (प्रकार पाच, महिने सहा, म्हणून एक महिना तुमचाच), दिवाळीनंतर पोवाडा, डिसेंबरात लावणी.

गोंधळाबद्दल एक गोष्ट फोनवरच स्पष्ट करा : विधी हवा की रंगमंचावरचं सादरीकरण? विधी असेल तर चौक मांडला जाणार. चौरंग, कोरं कापड, तांदूळ, कलश, नारळ, विड्याची पानं, सुपाऱ्या, हळद-कुंकू आणि वर पाच उसांचा मांडव. काही संच उसाऐवजी ज्वारीची धाटं वापरतात. श्रावणात ताज्या उसासाठी मंडईत आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. क्रम आवाहन, आख्यान, आरती असा. आवाहनात एकेका देवाला नाव घेऊन ‘गोंधळा ये’ म्हणून बोलावतात, त्यात वीसेक मिनिटं सहज जातात. ते कापायला सांगू नका. कापायचं तर आख्यान कापा, आणि ते त्यांनाच ठरवू द्या.

दिवटी (तेलाची मशाल) पेटणार असेल तर सभागृहाच्या व्यवस्थापकाची लेखी परवानगी घ्या. धूरसूचक यंत्र वर असेल तर आरतीच्या ऐन वेळी भोंगा वाजतो. दिवटीतून तेल ठिबकतं, तेव्हा खाली वाळू घातलेली परात आणि शेजारी पाण्याची नाही, वाळूचीच बादली. पेटत्या तेलावर पाणी ओतलं तर भडका उडतो.

खर्ज_आणि_टीप
चामड्याबद्दल. पावसाळी हवेत कातडं ओल धरतं, सैल पडतं, आवाज खाली येतो आणि बसका होतो. हेच वाद्य एसीच्या कोरड्या हवेत आणलं की तासाभरात चढायला लागतं. म्हणून वाद्यं दारातून थेट मंचावर नेऊ नका. एसी चालू करून निदान एक तास आत, पिशवीबाहेर काढून ठेवा, मग सुरात लावा. नाहीतर पहिल्या चौकाला (इथे चौक म्हणजे गाण्याचा भाग) लावलेली ढोलकी तिसऱ्या चौकाला गायकाच्या वर गेलेली असते.

डफ आणि दिमडी (लहान डफ) शेकायची असते. शेगडी आत नेता येत नाही, तर हॅलोजनचा दिवा हातभर अंतरावर ठेवून वाद्य सतत फिरवत राहा. कडेकडून शेका. मध्यभागी एकाच जागी आच लागली की तिथलं कातडं कडक होतं आणि थाप पडताच चीर जाते. बोटाने टिचकी मारून बघत जा. ‘भद्द’चा ‘टण्ण’ झाला की थांबा. कोकरासारखी काळजी घेऊनही पावसाळ्यात ते अर्ध्या तासात परत उतरतं, म्हणून दोन डफ आलटून-पालटून. दुसरा फायबरच्या पानाचा असला तरी चालतो. गोलाई कमी, पण दगा देत नाही.

काळी_चार
ढोलकीही तशीच शेकली तर चालते, फक्त अंतर जास्त ठेवा.

खर्ज_आणि_टीप
नाही, ढोलकी शेकू नका. उजव्या पुडीवरची (कातड्याच्या तोंडावरची) शाई, म्हणजे काळा लेप, तडकते, डाव्या पुडीचा आतला मसाला सुटतो. तिचे बोल्ट किंवा दोरी-कड्या आवळून सूर चढवायचा, तोही समोरासमोरच्या जोडीने थोडा थोडा. एकच बाजू आवळली तर पुडी तिरकी ओढली जाते आणि काठावर वेगवेगळे सूर बोलतात. पखवाज या बाबतीत सुखी : वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकायचे, डाव्या पुडीची कणीक हवी तेवढी ठेवायची. भारुडाच्या साथीला पखवाज असतो, म्हणून जुलैत भारूड ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

तुणतुण्याची खुंटी ओलीने फुगते नाहीतर सुकून निसटते. निसटत असेल तर खडूची पूड लावा. जादा तार जवळ हवीच. आणि तुणतुणं गायकाच्या षड्जाला लावतात, पेटीवाल्याच्या सोयीला नाही. तुमचा पेटीवादक सभासद साथ करणार असेल तर शाहिरांची पट्टी (गाण्याचा मूळ सूर) आठवडाभर आधी विचारा. पोवाडेवाले चढ्या पट्टीत गातात. काळी एकची सवय असलेला माणूस ऐन वेळी गोंधळतो (आणि हा गोंधळ वेगळा).

खांबामागचा_भोंगा
८०-९० माणसांत संबळ, हलगी, डफ यांना माइक लावूच नका. ते गायकाच्या माइकमधूनच नको तेवढे येतात. तीन माइक पुरे : एक मुख्य गायकाला, एक दोन झीलकऱ्यांत (मागून सूर धरणाऱ्या साथीदारांत) मिळून, एक तुणतुण्याला वीतभर अंतरावर. लावणीला ढोलकीसाठी आणखी दोन, दोन्ही पुड्यांना वेगळे. साधे डायनॅमिक माइक घ्या; कंडेन्सर लावला तर मागच्या रांगेतला खोकलाही ऐकू येतो. झीलकरी ‘जी जी र जी’ला एकदम उसळतात, त्यांचा आवाज आधीच कमी ठेवा. डफ गायकाच्याच हातात असतो, म्हणून त्याच्या माइकवर १०० हर्ट्झखालचा भाग कापा, घुमणं थांबतं. तुणतुण्याची झणझण मात्र कापू नका. हौशी ध्वनिवाले ती ‘कर्कश’ म्हणून काढतात आणि मग खाली उरतो नुसता भजनी ठेका.

गोंधळी एका जागी उभे राहत नाहीत. संबळ कमरेला बांधलेलं, माणूस फिरतोय, उभा माइक कुठेतरी मागे. मुख्य गायकाला कॉलर माइक द्या आणि मंचावरच्या वायरी चिकटपट्टीने दाबून टाका.

सभागृह १० पर्यंतच आहे, तेव्हा त्याआधी ध्वनिवर्धक बंद, यात वाद नको. कार्यक्रम दीड तासाचा असला तरी वेळ अशी मोजा : ६ ला वाद्यं आत, ७ ला सूर लावणं, ७:३० ला गण (सुरुवातीचं नमन), ९ ला आरती. मधे सत्कार घालू नका. गण झाल्यावर शाल-श्रीफळ आणि दोन भाषणं झाली की तापलेला डफ गार होतो. शब्दशः.

ढोलकी_फड_नव्हे
लावणीसाठी फोन करताना ‘तमाशा’ म्हणू नका. ढोलकी फड म्हणजे वगासकट (नाट्यासकट) पूर्ण तमाशा, पन्नासभर माणसं आणि ट्रक. त्यांच्या सुपाऱ्या (कार्यक्रमांचे करार) नारायणगावच्या राहुट्यांत ठरतात. तुम्हाला हवी ती संगीत बारी, म्हणजे वगाशिवाय नुसत्या लावणीचा संच. दौलतजादा (प्रेक्षकांनी कलाकारांना पैसे देणं) होणार की नाही हे आधी ठरवून प्रेक्षकांनाही सांगा. नको असेल तर बिदागी त्या हिशेबाने वाढवा, कारण ती त्यांच्या कमाईचा भाग आहे.

प्रवासखर्च बिदागीत धरू नका, वेगळा द्या. एसटीने येणार असतील तर महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाला निम्मं, ७५ च्या वर मोफत. सोलापूर-साताऱ्याकडची मंडळी स्वारगेटला उतरतील, तिथून वाद्यांसह रिक्षा दोन धरा. टेम्पो आणला तर तो पेठेत दारात उभा राहील हे गृहीत धरू नका. सामान उतरवायला दोन सभासद खाली हवेत.

पेठेतला_टाळकरी
खूप उपयोगी. दोन शंका : अज्ञानदासाचा अफजलखान वधाचा पोवाडा पूर्ण म्हणायला सांगावा का? आणि चित्रफीत यूट्यूबवर टाकली तर?

दिवटी_बुधली
पूर्ण नको. दीड तासात तो एकटाच बसेल आणि ऐकणाऱ्यांना जुनी भाषा झेपणार नाही. निवडक चौक सांगा, मधली कथा शाहीर गद्यात जोडून घेतील, ते त्यांचं रोजचं काम आहे. सोबत एक नवा पोवाडा ठेवा.

चित्रफितीची परवानगी इसार देतानाच, बिदागीच्या कागदावर एका ओळीत घ्या. पारंपरिक पदावर कुणाचा हक्क नसला तरी ते ज्या चालीत गायलं ती चाल एखाद्या संगीतकाराची असू शकते, आणि मग तुमच्या फितीवर कंपनीचा दावा येतो. कोणती चाल कुठली, हे शाहिरांना पाठ असतं. विचारून यादी करा.

खांबामागचा_भोंगा
आणि फित करायची असेल तर आवाज मिक्सरमधून घेऊ नका. डफ आणि संबळ त्यात नीट येणार नाहीत, त्यांना वेगळा माइक लावलेला नाही. चौथ्या रांगेत एक रेकॉर्डर ठेवा आणि शेजारच्या खुर्चीवर कुणाला बसू देऊ नका.