पावसात मिनिएचर शीट्स एकमेकांना चिकटलीत, पाण्यात टाकू का?

शीतल_फोंडा:
नमस्कार मंडळी, आजोबांची टपाल तिकिटांची पेटी आता माझ्याकडे आलीय. यंदा पावसात उघडून बघितली तर प्लास्टिकच्या फाईलमधली बरीच मिनिएचर शीट्स (एक-दोन तिकिटं आणि भोवती सजावट असलेले छोटे छापील कागद) एकमेकांना चिकटलेली, काहींवर तपकिरी ठिपके पण आलेत. खूप वाईट वाटलं, २००६ चं चंदनाच्या वासाचं तिकीट, २००७ चं गुलाबाचं, गणितज्ञ-इतिहासकार डी. डी. कोसंबींचं २००८ चं, सगळं त्यांनी जपून ठेवलेलं. पाण्यात भिजवून सोडवू का? तळाशी पोर्तुगीज काळातली पाकिटं पण आहेत, त्यांच्यावरची तिकिटं कापून अल्बमात लावायचा विचार आहे. आणि ओळखीतला एक जण सगळं एकगठ्ठा विकत मागतोय, देऊन टाकू का?

म्हापशेकर:
पाण्यात अजिबात नको! वापरलेली तिकिटं पाकिटाच्या कागदावरून सोडवायला पाणी ठीक, पण कोऱ्या शीटचा मागचा डिंक धुतला गेला की संग्राहकाच्या लेखी तिची किंमत बरीच उतरते. घट्ट झाकणाचा डबा घे, तळाला ओला स्पंज, त्याच्यावर जाळी, जाळीवर चिकटलेली शीट्स अशी की पाणी थेट लागणार नाही, झाकण लावून ठेव. काही तासांत नुसत्या दमटपणाने डिंक सैल होतो, मग चपट्या टोकाच्या चिमट्याने एका कोपऱ्यातून हळूहळू उचल, जोर लावायचा नाही, सुटत नसेल तर परत डब्यात. डिंकावर थोडा डाग राहील पण चित्र वाचेल, आधी एखाद्या साध्या शीटवर करून बघ. ठिपके बुरशीचे असतात, ती शीट्स बाकीच्यांपासून वेगळी काढ. त्या पीव्हीसी प्लास्टिकच्या फाईली तर टाकूनच दे, आपल्या हवेत त्या घात करतात. स्टॉकबुक (तिकिटं न चिकटवता पट्ट्यांत खोचायची वही) आण, पुस्तकासारखं उभं ठेव (आडवी चळत केली की वजनाने परत चिकटणार), कपाटात सिलिका जेल ठेव आणि ऊन पडेल त्या दिवशी पानं उघडून वारा लागू दे, पण थेट उन्हात नको, रंग उडतो.

डिचोली_संग्रह:
शीतलताई, कात्री खाली ठेवा आधी, हात जोडून सांगतो. तुमच्या पेटीतला खरा ऐवज ती पाकिटंच असण्याची शक्यता जास्त. सुटं तिकीट पुष्कळांकडे असतं, पण पूर्ण पाकीट म्हणजे कुठून निघालं, कुठे पोचलं, टपाल किती लागलं, शिक्का कुठल्या गावचा, हा सगळा आपल्या गोव्याचा इतिहास, तिकीट कापलं की तो गेलाच. १९५९ च्या आधीच्या तिकिटांवर किंमत रेइस, टांगा, रुपिया या जुन्या चलनात असेल, नंतर एस्कुदो आणि सेंताव्हो आले. आणि तारखा नीट बघा. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला तरी पोर्तुगीज तिकिटं त्याच दिवशी बंद नाही झाली, भारतीय तिकिटं २९ डिसेंबरपासून सुरू झाली आणि जुनी ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालत होती. त्या मधल्या दिवसांतलं खऱ्या टपालातून गेलेलं पाकीट निघालं तर संग्राहक ते शोधतच असतात. म्हणून एकगठ्ठा देऊ नका, आधी पाकिटं वेगळी काढून दोन्ही बाजू स्कॅन करा, आतली पत्रं ज्या पाकिटातली त्यातच राहू देत.

शीतल_फोंडा:
बापरे, बरं झालं आधी विचारलं, खूप आभार दोघांचे. मग मिनिएचर शीट्सना काहीच भाव नाही का?

म्हापशेकर:
अलीकडची शीट्स बऱ्याच जणांनी घेऊन ठेवलीत त्यामुळे बहुतेकांना छापील किमतीच्या आसपासच मिळतं, डागाळलेल्यांना त्याहून कमी. पण पैशासाठी नको बघूस, यातूनच गोव्याचा विषय घेऊन छान संग्रह होईल, कोसंबी आहेतच, मास्टर दीनानाथांचं १९९३ चं आहे, स्वातंत्र्यसैनिक टी. बी. कुन्हांचं १९९८ चं, सेंट झेवियरचं १९७४ चं. पणजीच्या हेड पोस्ट ऑफिसात फिलाटेलिक ब्युरो (संग्राहकांसाठीचा तिकीट विभाग) आहे, तिथे डिपॉझिट अकाउंट उघडलं की नवीन तिकिटं घरपोच येतात.

शीतल_फोंडा:
आत्ताच वरवर बघितलं, एका पाकिटावर डिसेंबर वाचता येतंय पण साल पुसट आहे.

डिचोली_संग्रह:
उजेड बाजूने तिरका पाडून बघा आणि मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का आहे का तेही बघा, बऱ्याचदा तारीख तिथे स्वच्छ उठलेली असते. खोडरबर वगैरे काही लावू नका, स्कॅन इथेच टाका.