टिनिंगला ‘कल्हई’ म्हणावे का?

मूळ प्रश्न
सरफेस-माउंट (सर्किट बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणारे) सुटे भाग घरच्या घरी हाताने सोल्डर करू पाहणाऱ्यांसाठी मी मराठीत टिपण लिहीत आहे. ०८०५ आकाराचा रेझिस्टर जेमतेम २ मिमी लांब असतो. त्यामुळे आधी बोर्डावरच्या एकाच पॅडवर (भाग जोडायच्या तांब्याच्या ठिपक्यावर) थोडे सोल्डर चढवायचे, चिमट्याने भाग जागेवर आणत ते पुन्हा वितळवायचे आणि भाग पक्का धरला गेला की मगच दुसरे टोक जोडायचे, अशी कृती आहे. पहिल्या पायरीला, म्हणजे टिनिंगला, मी ‘पॅडला कल्हई करावी’ असे लिहिले. एका स्नेह्यांनी ते खोडून ‘डाख द्यावा’ असे केले. योग्य काय?

कासारआळी
कल्हई मुळीच नको. कल्हई कथलाची असते, ती नवसागर टाकून करतात आणि तिच्यावर अन्न शिजते. आपल्या ६३/३७ सोल्डरच्या तारेत ३७ टक्के शिसे असते. उद्या एखादा उत्साही वाचक तीच तार घेऊन पातेल्याकडे वळायचा. डाख मात्र जोडाला देतात, नुसत्या लेपाला नव्हे.

तापमापक
मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन डाख मागून पाहावा! ‘सोल्डर मारणे’ हे आता मराठीच आहे. सोवळे कशासाठी?

सराफकट्टा
आमच्याकडे ‘टाका मारणे’ म्हणतात. भाग तात्पुरता अडकवण्याला इंग्रजीत ‘टॅक’ म्हणतात, तो आपला टाकाच असावा.

कासारआळी
हे केवळ ध्वनिसाम्य आहे. सोनार टाका मारताना वापरतात तो टाकणखार (बोरॅक्स) हा संस्कृत टङ्कणक्षार. त्याच्या कुळात टाका बसेल, टॅक नव्हे. शिवाय सोनाराचा टाका कित्येक शे अंशांवर वितळतो, ही तार १८३ अंशांवर. पहिले झाळकाम (ब्रेझिंग), दुसरे डाखकाम (सोल्डरिंग).

मूळ प्रश्न
आणखी एक अडचण आहे. घरी कोरलेल्या दुहेरी (दोन्ही बाजूंना तांबे असलेल्या) बोर्डाच्या भोकांना आतून तांब्याचा मुलामा नसल्याने त्यांत बारीक तार ओवून ती दोन्हीकडून सोल्डर करावी लागते. या भोकाला इंग्रजी ‘via’वरून ‘वाया’ लिहिले, तर भोक वाया गेले असे वाचले जाते.

सराफकट्टा
‘आरपार टाका’ म्हणावे.

तापमापक
नाव काहीही ठेवावे, पण हे टाके भाग बसवण्यापूर्वी मारावेत, असे टिपणात ठळकपणे लिहावे. एका बाजूला अखंड तांबे असेल तर ते उष्णता ओढून घेते, सोल्डरिंग आयर्नचे टोक जास्त वेळ टेकवावे लागते, आणि तेवढ्यात शेजारचा रेझिस्टर सुटून टोकाला चिकटून येतो.