राणीबाग, पण झाडांसाठी: तुमचे अनुभव लिहा

भायखळ्याची राणीबाग म्हटली की हल्ली पेंग्विनच आठवतात. पण १८६२ साली ती सुरू झाली ती वनस्पती उद्यान म्हणून, प्राणी मागाहून आले. झाडं बघायला जाणाऱ्यांना उपयोगी पडेल असं लिहा. 'मस्त आहे, नक्की जा' एवढंच नको.

भायखळेकर
बुधवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी, मग गुरुवारी बंद. भायखळा स्टेशनला पूर्वेकडे उतरा, चालत दहाएक मिनिटं. रविवार टाळा. रांग पेंग्विनवाल्यांची असते, ताटकळता तुम्ही.

पानगळ
कैलासपती ओळखायला वर बघू नका. फुलं थेट खोडातून निघालेल्या दोरखंडासारख्या फांद्यांवर येतात. खाली पडलेलं ताजं फूल उचलून आडवं धरा: पुंकेसरांचा एक झुबका फण्यासारखा वळलेला असतो आणि त्याच्याखाली इवलीशी पिंड. सकाळी वास घमघमतो. फळ मात्र तोफेच्या गोळ्याएवढं, पडून फुटलं की गराची दुर्गंधी सुटते. डबा उघडायला ही सावली निवडू नये.

उर्वशीचं झाड मूळचं ब्रह्मदेशातलं. लाल-पिवळ्या फुलांचे लोंबते झुंबर बघायचे तर थंडी सरताना जा. कोवळी पालवी तपकिरी-गुलाबी आणि मलूल लोंबते. झाडाला पाणी कमी पडलंय असं वाटतं, पण ते तसंच असतं.

सालपापुद्रा
गोरखचिंच उन्हाळ्यात निष्पर्ण असते, वाळलेली समजू नका. पावसाच्या सुमारास पानं येतात, फुलं रात्री उमलतात. त्यामुळे दिवसा हाती लागतं ते खाली पडलेलं, तपकिरी पडत चाललेलं फूल.

मोबाइलवर झाड ओळखायचं असेल तर नुसत्या शेंड्याचा फोटो कामाचा नाही. पान देठापासून पूर्ण घ्या. गोरखचिंचेच्या पंज्यासारख्या पानातली एकच पर्णिका (पानाचा एक सुटा भाग) टिपली तर उत्तर हमखास चुकतं. सोबत साल आणि खाली पडलेलं फळ. तोडायचं काही नाही.

भायखळेकर
अशोक म्हणून दोन झाडांची गल्लत होते, तेही सांगून टाकतो. उंच, सरळसोट, लांब लाटदार पानांचा तो आसुपालव. सीताअशोक ठेंगणा, डेरेदार. त्याला साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये केशरी गुच्छ येतात, तेही जुन्या फांद्यांवर आणि खोडावर.

दगडमाती
झाडं आटोपली की शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती बघा. घारापुरीचा. इंग्लंडला न्यायला उचलताना १८६४ मध्ये तो कोसळून फुटला, तुकडे पुढे १९१४ मध्ये जोडले. जवळ गेलात की सांधे दिसतात.

पानगळ
एक राहिलं: पावसाळ्यात डास. पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि चप्पल नको, शेवाळावरून घसरते.